सोयरिकीआधी झाडं बघणारी माणसं

अन्याय झाला तो गोदावरीवर. माझी थोरली बहीण. आम्ही तिला गोदाक्का म्हणतो. गेल्या साली, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, न्याहारीच्या वक्ताला, शिरूर कासारकडच्या सासरहून नवरा, लेकरं आणि एक म्हैस एवढा लवाजमा घेऊन ती धारूरच्या घाटाखाली आमच्या करंजदऱ्यात पोचली. दर उन्हाळ्याला येते तशी, पाण्यासाठी. तर दऱ्याच्या वरच्या अंगाला कुऱ्हाडी चालू होत्या. ज्या झऱ्याच्या आशेनं ती एवढी वाट तुडवत आली, त्याच्या डोक्यावरची जांभळं एकेक करून आडवी पडत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. झाडाला तर कोण विचारतो!

आता दऱ्याचं खालचं अंग तेवढं उरलंय. माघी पौर्णिमेनंतरच्या बाजाराला धारूरच्या वेशीत त्याची हर्रास आहे, उभ्या झाडांवर बोली लागणार. ते अंग गेलं की झरा गेला, आणि झरा गेला की गोदाक्काला आणि तिच्यासारख्या कैक जणींना उन्हाळ्यात तोंड धुवायलाही माहेर उरत नाही. गोष्ट एवढी सरळ आहे. परवा मी दऱ्यात गेलो तो हीच गोष्ट डोळ्यांनी बघून पत्रक लिहायला. पत्रक म्हणजे दोन दणके द्यायचे आणि थांबायचं. पण पायवाट कड्यावरून खाली वळली, ओल्या पाचोळ्याचा तो थंड, किंचित आंबूस वास नाकात शिरला, आणि दणका द्यायला उचललेला हात तसाच राहिला. आता आधी तो वास सांगतो. मग दणका.

तुम्ही सपाटीवरची माणसं असाल तर डोंगर म्हणजे एक डोंगर एवढंच तुम्हाला दिसतं. आम्हाला त्यात दोन मुलूख दिसायचे. उन्हाच्या अंगाला सालई, धावडा, खैर. सालईची साल कागदासारखी सुटायची, ती बोटांनी सोलून आम्ही तिच्यावर थुंकीनं अक्षरं काढायचो. धावडा थंडीत तांबडा व्हायचा, जणू कुणी डोंगराला कुंकवाचा हात पुसला. तिथं पाय ठेवला की मुरूम कुरकुरायचा, काट्याशिवाय पाऊल पडायचं नाही, आणि दुपारी दगडातून अशी धग यायची की शेळ्याही उभ्याउभ्या पाय बदलायच्या. तीच धार ओलांडून चार पावलं खाली सावलीच्या अंगाला उतरलं की सालई संपली. एकदम. रेघ मारल्यासारखी. तिथून करंज, बेहडा, उंबर, आणि झऱ्याला धरून जांभूळ. पाऊस दोन्हीकडं सारखाच पडायचा, म्हणजे सारखाच कमी. सगळे ढग पश्चिमेच्या घाटात पोट रितं करतात आणि आमच्याकडं ढेकर द्यायला येतात. पण दऱ्यात ऊन भर दुपारी पाहुण्यासारखं यायचं, घटकाभर टेकायचं आणि उठून जायचं. म्हणून पडलेलं पाणी तिथं मुरायचं, टिकायचं. दऱ्याची ओल पावसाची नव्हती, ती सावलीची होती. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं ज्यांच्या ध्यानात राहिलं नाही त्यांनी काय केलं ते येणारच आहे.

चैत्र सरता सरता करंज फुलायचा. पहाटे झऱ्यावर गेलं तर पाणी दिसायचं नाही, नुसता पांढरा-जांभळा सडा. माय घागरीच्या बुडानं तो बाजूला सारायची आणि मग पाणी भरायची. घरी आणलेल्या पाण्यालाही दोन दिवस त्या फुलांचा कडसर वास असायचा. पुढं जांभळं यायची. सगळ्या वस्तीच्या जिभा निळ्या, सदऱ्यांवर डाग, आणि झाडाखाली दाट गालिचा जांभळाच्या रोपांचा, बोटबोटभर उंचीचा. त्या रोपांवरून चालताना माय ओरडायची, "पोराटकी तुडवू नगा रे झाडाची!" दसऱ्याच्या सुमाराला उन्हाच्या अंगाला सीताफळं डोळे उघडायची, ती पेंढ्यात घालून पिकवायची, आणि अख्ख्या घराला तो गोडमिट्ट वास. प्रत्येक वासाला आपला महिना होता आणि आपली जागा होती. सीताफळ दऱ्यात उतरायचं नाही, जांभूळ धारेवर चढायचं नाही. भांडण नाही, तंटा नाही. ज्याचा त्याचा उंबरा ज्याला त्याला ठाऊक.

आणि म्हणूनच आमच्या वस्तीची एक रीत होती. लोक हसायचे आम्हाला तिच्यापायी. सोयरिकीची बोलणी करायला गेलं की बाकीची माणसं जमीन विचारतात, बैल विचारतात, नवऱ्या मुलाचे दात बघतात. आमची माणसं झाडं बघायची. गाडीतून उतरण्याआधी शिवारात काय उगवलंय ते बघायचं. हिवर आणि बोरी असल्या तर पोरगी डोक्यावर हंडा घेऊन म्हातारी होणार. पळस असला तर बरं. करंज असला तर चांगलं. आणि जांभूळ असलं तर सुपारी फोडायला हरकत नाही, कारण जांभूळ पाण्यावाचून राहत नाही.

गोदाक्काची सोयरीक पाटोद्याच्या बैलबाजारात निघाली. आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, तिथं एक गृहस्थ भेटले, बोलणं जुळलं, आणि मग आबा, तुकामामा आणि मी असे तिघं गाडी जुंपून त्यांच्या गावाला निघालो. तुकामामा म्हणजे मायचा भाऊ. झाडं बघण्यात वस्तीत त्याचा शब्द शेवटचा. तो वाटेतल्या झाडांशी असा बोलायचा की परक्या माणसाला वाटावं, ह्याला ऊन लागलंय.

माथ्यावरून पश्चिमेला गाडी लागली आणि झाडं एकेक करून आम्हाला सोडून गेली. आधी बेहडा गेला. मग करंज. धावडा बराच लांब सोबत आला, पण खुजा होत होत. पाटोदा मागं पडलं तेव्हा नुसता सालईचा पहारा उरला होता, आणि शिरूरच्या बाजूला उतरलो तेव्हा तोही नाही. हिवर, बोरी, बाभळ. लांबवर उघडं रान आणि त्यावर उन्हाची झळ नाचतेय.

"भावजी, गाडी वळवा," मामा म्हणाला.

"कावून?"

"कावून काय? हिवर बघा की! ह्या शिवारात कावळासुदा तहानेनं मरंल, अन् तुमी लेक द्यायला निगाला."

"आलोच हाय तर पानी पिऊन जाऊ."

"मिळालं तर पिऊ."

आबा हसले. गाडी पुढं गेली. गाव दिसलं, धुळीच्या रंगाचं. आणि त्या धुळीत, एका घराच्या मागं, छपरावरून डोकं काढून उभं असलेलं एक झाड. काळसर हिरवं, भरगच्च, चमचमतं.

मामा गाडीत उभा राहिला. "जांभूळ हाय बे!" एवढंच बोलला. पाहुण्यांच्या घरी पाय धुवायच्या आधी तो आडवा झाडाकडं गेला, पान तोडलं, चावलं, थुंकला, आणि आबांकडं वळून मान हलवली. झालं. मुलाचे दात कुणी बघितलेच नाहीत. संध्याकाळच्या आत सुपारी फुटली, गुळाचा खडा माझ्याही तोंडात पडला. परतताना मामा वाटभर जांभळाचंच कौतुक सांगत होता: वरून मुलूख कोरडा, पण पोटात पाणी असंल, मोठा झरा असंल, आपल्याला काय म्हाईत!

पोटात काही नव्हतं. ते झाड घराच्या न्हाणीवर उभं होतं.

गोदाक्काची सासू आमच्यासारख्याच ओल्या मुलखातली. लग्नात येताना तिनं पदराला चार बिया बांधून आणल्या होत्या, आणि जन्मभर आंघोळीचं, भांड्याचं, लुगड्यांचं पाणी तिनं त्यातून जगलेल्या एका झाडाच्या मुळाशी सोडलं होतं. गावची विहीर लांब होती आणि उन्हाळ्यात तिचा तळ दिसायचा. पहिल्या दिवाळीला गोदाक्का माहेरी आली ती वाळून, पण तोंड तेच. ओसरीत बसता बसता म्हणाली:

"मामा, कुटं हायेत तुमचे दात? पान चावून बगणारे?"

"का गं, काय झालं?"

"काय न्हाई. सासू म्हन्ते झाडाला रोज आंगूळ पायजे. म्हनून मी झाडाला रोज घालते, अन् तुमच्या जावयाला सणाला."

घर हसलं. मामा हसला नाही. तो तसाच उठून झऱ्याकडं गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा त्याच्या हातात जांभळाचं बोटभर रोप होतं. आबांसमोर ते धरून म्हणाला, "भावजी, ह्ये बगितलंच न्हाई आपन. त्या झाडाखाली येक बी पोर नव्हतं. आंगण कसं लख्ख. मला वाटलं, झाडून काढलं असंल."

आबांनी रोप हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं.

"एकल्या झाडाला बगून भुलू ने," मामा म्हणाला. "झाड कुनीबी जगवील. त्याचं बी आपल्या आपन रुजतं का, ते बगावं. रुजलं तर मुलूख त्याचा."

त्या दिवसापासून आमच्या वस्तीच्या रीतीत भर पडली. सोयरिकीला गेलं की झाड बघायचं आणि झाडाखाली वाकून रोपंही बघायची. पाहुणे म्हणायचे, ह्यांचं काही हरवलंय का? हरवलं होतंच.

गोदाक्का सासरी टिकली. रडली असेल, आम्हाला दिसली नाही. पण दर उन्हाळ्यात, शिवारातलं काम सरलं की ती माहेरी यायची, आणि हळूहळू तिच्याबरोबर तिच्या गावच्या आणखी दोन-तीन घरांची माणसं यायला लागली. करंजदरा म्हणजे मग उन्हाळ्यात एक गावच. म्हशी डोहात बसलेल्या, नुसती शिंगं वर. बायका खडकावर धुणं आपटतात आणि आपटण्याच्या ठेक्यावर ओव्या. बेहड्याच्या शेंड्यावर तांबट पक्षी ठोके देतोय. गोदाक्का पाण्यात पाय सोडून बसायची आणि डोळे मिटायची. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. वर्षभराचं ऊन ती त्या पाण्यात उतरवायची. ह्या एका बसण्यासाठी ती तो अख्खा मुलूख चालत येत होती, आणि हेच तिच्यापासून तोडलं.

आता दणका.

कुऱ्हाडी लागल्या त्याच्या आदल्या हिवाळ्यात जंगल खात्याचे एक दरोगासाहेब दऱ्यात आले. घोड्यावरून आले, सावलीत बसले, झऱ्याचं पाणी प्याले. मामा तिथंच होता. त्यानं मला हे पुढं नक्कल करून दाखवलं, ते मी जसंच्या तसं देतो.

साहेबानं छडीनं जांभूळ दाखवलं. "ये क्या है?"

"जांभूळ, सरकार."

"और ये?"

"करंज."

"कचरा है सब. इससे सरकार को क्या? निकालो इसको. यहां सागवान लगेगा."

मामा म्हणाला, "सरकार, साग हितं येत न्हाई."

"क्यों नहीं आता? मेरे बंगले में आता है."

"सागाला इचारलं का, सरकार?"

साहेबाबरोबरचा चौकीदार आपल्याच बाजूचा माणूस. तो मामाच्या अंगावर आला, "ए म्हाताऱ्या, गप बैस बे! हुकूम हाय वरून." साहेबाला मराठीतली खोच कळत नव्हती म्हणून मामाची पाठ वाचली.

साग वाईट झाड नाही. नदीच्या पार खालच्या मुलखात, जिथं पाऊस दोन्ही हातांनी देतो, तिथं तो तुळईजोगा वाढतो. पण त्याला भरपूर पाऊसही लागतो आणि मोकळं ऊनही. आमच्या दऱ्यात ऊन नव्हतं म्हणून ओल होती. ऊन आणायला झाडं तोडली, तर ओल गेली. एवढं कळायला घोडं लागत नाही. आणि बंगल्यातला साग? तक्रार घेऊन गेलो होतो तेव्हा मी तो बघितला. देखणा साग आहे, पानं ताटाएवढी. आम्हाला फाटकाबाहेर दुपारभर ताटकळत ठेवलं होतं, तेवढ्यात भिस्ती बैलावर पखाल घेऊन आला आणि त्यानं सगळं पाणी त्या सागाच्या आळ्यात ओतलं. मी तिथं उभ्याउभ्या हसलो. शिपायानं विचारलं, हसतो कावून? काय सांगू त्याला? साहेबाचं झाडही न्हाणीवरच उभं होतं!

म्हणजे चूक तीच. आमच्या तुकामामानं केली तीच, शब्दाला शब्द. पण मामाला चूक कळली तेव्हा तो खाली वाकून रोपं बघायला शिकला. साहेबाला कळलीच नाही, आणि कळली असती तरी हुकूम वाकत नाही. मामाच्या चुकीचं ओझं एका गोदाक्काच्या डोक्यावर आलं. साहेबाच्या चुकीचं ओझं दऱ्याखालच्या सगळ्या वस्त्यांवर आणि उन्हाळ्यात तिथं येणाऱ्या प्रत्येक कोरड्या गावावर येतंय.

परवा मी वरच्या अंगाला गेलो. सागाची रोपं लावली होती तिथं काटक्या उभ्या आहेत, सहा-सहा फूट अंतरावर, शिस्तीत, मेलेल्या. पाऊस आला तो त्यांना पाजायला थांबला नाही. माती घेऊन खाली पळाला. झऱ्याची धार मनगटाएवढी होती ती करंगळीवर आलीय. करंजाची फुलं पडायला आता पाणीच उघडं नाही, दगड आहेत. आणि सालई! धारेपलीकडची सालई आता धार ओलांडून चार पावलं अलीकडं आलीय. बोटभर रोपं आहेत, पण आहेत. तिला कुणी हुकूम दिला नाही. मुलूख कोरडा झाल्याचा तिला वास लागला.

हे बघून मी हताश होऊन बसलो असेन असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही दरा ओळखत नाही. मी गुडघ्यांवर बसलो ते तोडलेले बुंधे बघायला. जांभळाच्या एकेका बुंध्यातून फुटवे वर आलेत, हातभर, दोन हात, तांबूस पानांचे, ओठांसारखे मऊ. करंजाचीही तीच कथा. मुळं अजून खाली ओल धरून आहेत. खालच्या अंगाची सावली अजून वरच्या अंगाला थोडी पोचते, आणि त्या सावलीच्या कडेकडेनं रोपं परत चढतायत. झाडं आपल्या मुलखावर आपला हक्क सांगतायत. वरचं अंग परत येईल. मी छातीवर हात ठेवून सांगतो, येईल. अट एकच: खालचं अंग उभं पाहिजे. सावली सावलीला जन्म देते. शेवटची सावली तोडली की मग वर सालई, खाली सालई, आणि मध्ये वाळलेला डोह.

घरी आलो तर ओसरीत गोदाक्का. यंदा ती आधीच आलीय, पौष सरायच्या आत, कारण तिकडं विहिरीनं आताच तळ दाखवलाय. मी म्हणालो, "अक्का, पत्रक काढतोय. तुझं नाव घालू का?"

"घाल की. भ्यायची काय गोष्ट हाय?"

"सासरकडचे काय म्हणतील?"

"काय म्हन्तील? त्यांच्या म्हशी बी तितंच बसत्यात." मग जरा थांबून म्हणाली, "पन रडकं लिहू नगंस. लोक रडकं वाचून रडत्यात, अन् मग उटून बाजाराला जात्यात."

म्हणून रडकं लिहिलं नाही. आणि बाजाराचंच सांगतो.

माघी पौर्णिमेनंतरच्या बाजाराला धारूरच्या वेशीत तुम्ही असणारच आहात. तुमच्यात लाकडाचे ठेके घेणारे गुत्तेदार असतील, सुतार असतील, गाड्या भाड्यानं देणारे असतील, विहिरीला जांभळाचं लाकूड हवं असलेले शेतकरी असतील. जांभूळ पाण्यात कुजत नाही, स्वस्तात मिळेल, दोघं-तिघं मिळून घेऊ, असा हिशोब आताच तुमच्या डोक्यात चालू असेल. तो सोडा. हर्रास उधळायला मी सांगत नाही. दंगा केला तर दंग्याच्या नावाखाली उद्या दरा कापतील. तुम्ही या. दुकानं मिटून या, बायकांना घेऊन या, वेशीत पाय ठेवायला जागा उरणार नाही इतक्या दाटीनं उभे राहा. सरकारी माणूस करंजदऱ्याचं नाव पुकारेल. पहिली बोली मागेल. परत मागेल. शेजाऱ्याकडं बघू नका, खिशाकडं बघू नका, त्या माणसाच्या डोळ्यात बघा. आजवर प्रत्येक पत्रकात मी तुम्हाला बोला, आवाज काढा, ओरडा म्हणत आलो. त्या दिवशी तोंड मिटून उभे राहा. एकानंही बोली लावू नका.